चौकस आणि चोक्कस

"चौकसपणा हा माणूस आणि म्हैस यांच्यातला एकमेव फरक आहे," जनार्दनरावांनी जाहीर केलं. समोर वीस खुर्च्या होत्या. त्यांपैकी एकोणीस गप्प राहिल्या. विसावीवरची मुलगी जांभई आवरत म्हणाली, "हो काका."

जनार्दनरावांना तेवढं पुरे होतं. बडोद्यातल्या खंडेराव मार्केटमागच्या या सभागृहात ते एकेचाळीस वर्षं दर शनिवारी फुकट मराठी शिकवत होते. एके काळी पोरं खिडकीत बसून शिकायची. आता तीच पोरं निवृत्त होऊन कट्ट्यावर गुजरातीत पेन्शनच्या गप्पा मारत. गेले सात शनिवार वर्गाला कोणी फिरकलं नव्हतं. शेवटी बुधवारी सभागृह चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस सुभानराव यांनी फोनवर सांगितलं, की या शनिवारी साडेपाचपर्यंत एक जरी नाव नोंदलं गेलं तर वर्ग राहील, नाहीतर बंद.

पाच वाजून दहा मिनिटांनी ही मुलगी आली आणि मागे बसली. तेव्हापासून जनार्दनरावांनी श्वास घेतला नव्हता.

आजचा शब्द 'चौकस'. इथल्या मराठी कानांना तो गुजराती 'चोक्कस' ऐकू येतो, म्हणजे नक्की, पक्कं. हे दुखणं जुनं. त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहून मधे जाड रेघ मारली. चोक्कस माणसाला सगळं ठाऊक असतं, म्हणून तो काही विचारत नाही. चौकस माणसाला ठाऊक नसतं आणि ते त्याला सहन होत नाही. आता शेजारी पाहुणा कोण आला, किती वेळ बसला, हे विचारणारा चौकस नव्हे. तो भोचक.

"म्हणजे आमची आखी सोसायटी," मुलगी म्हणाली.

जनार्दनरावांना भरून आलं. उदाहरण आपणहून दिलं होतं तिनं. त्यांनी लगबगीनं हजेरीचं पुस्तक उघडून तिचं नाव विचारलं. यशश्री. ते त्यांनी ठसठशीत लिहिलं, तारीख घातली आणि मगच घड्याळ पाहिलं. पाच सत्तावीस. वर्ग वाचला होता.

"फरक कळला ना?"

"चोक्कस."

पहिल्या दिवशी एवढं चालायचंच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तेवढ्यात यशश्रीनं हात वर केला. या खोलीत शेवटचा हात कधी वर झाला होता, ते त्यांना आठवेना.

"काका, एक विचारू?"

जनार्दनरावांनी खडू ठेवला, हात झटकले आणि प्रश्न नीट ऐकता यावा म्हणून खुर्चीत बसले.

"विचार, बाळ. सावकाश विचार."

"साडेपाचला इथे आमचा गरबा क्लास आहे. सुभानकाकांनी सोमवारीच चावी दिलीय मला. तुमचं चाललं होतं, म्हणून मधे बोलले नाही. जरा उठता का? खुर्च्या भिंतीला लावायच्यात."