सुमनताईंचा गाळा

शिलाई मशीन लिफ्टच्या दारात अडकलं, तसा सुजितला आणखी चेव आला.

"बघ, मशीनसुद्धा जाऊ नको म्हणतंय तुला."

"मशीन काही म्हणत नाही. त्याचा स्टँड अडकलाय," सुमनताई म्हणाल्या. "हात लाव, नाहीतर बाजूला हो."

सुजितनं हातही लावला नाही आणि बाजूलाही झाला नाही. शेवटी त्याच्या बायकोनं, निशिगंधानं, मुकाट्यानं स्टँड उचलला.

नवरा गेला तेव्हा सुजित आठवीत होता. सुमनताईंनी लोकांचे ब्लाउज शिवून त्याला डिप्लोमा करवला. आता तो चाकणच्या कंपनीत सुपरवायझर होता, चऱ्होलीत फ्लॅट घेतला होता, आणि आईनं आता गॅलरीत बसून जपाची माळ ओढावी एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. आईला मात्र पन्नाशीत बॅगांचं वेड लागलं. गाड्यांच्या सीटचं कापड कापताना उरलेले तुकडे घ्यायचे, त्यांवर जुन्या साड्यांचे काठ ठेवून गोधडीसारखा हाताचा धावदोरा घालायचा. तसली एक बॅग खांद्याला लावून निशिगंधा ऑफिसला गेली, तर तिथल्या बायका तिच्यापेक्षा बॅगेशीच जास्त बोलल्या.

तुकडे आणून द्यायचे शेखरभाऊ. चाकणला त्यांचा भंगारचा धंदा. बायको वारून बरीच वर्षं झालेली. त्यांचा छोटा टेम्पो फाटकात दिसायला लागला आणि सोसायटीला विषय मिळाला.

चौथ्या मजल्यावरच्या इंद्रायणीबाईंनी एकदा जिन्यात गाठलंच. "टेम्पो फार दिसतो हल्ली, सुमनताई."

"दिसणारच. केवढा तो टेम्पो!"

"भाऊ अगदी वरपर्यंत येतात म्हणे?"

"गठ्ठा जड असतो हो. उद्यापासून तुम्ही आणता का उचलून?"

त्यात सुमनताईंनी पिंपरी कॅम्पात गाळा भाड्यानं घेतला. मागं राहण्यापुरती खोली असलेला, आणि शेखरभाऊंच्याच ओळखीतला. झालं! घर तरी नाहीतर गाळा तरी, असं सुजितनं सांगून टाकलं. आणि आज मशीन लिफ्टच्या दारात होतं.

"आई, कंपनीच्या बसमध्ये पोरं तोंड फिरवून हसतात. तुझं आणि त्या माणसाचं..." पुढचं त्याच्या तोंडून निघेना.

सुमनताईंनी खांद्यावरची बॅग काढून त्याच्या हातात कोंबली. "ओढ. चांगला जोर लावून ओढ. उसवते का?"

"मी काय विचारतोय!"

"नाही ना उसवत? मग झालं तर. धंदा करायला चाललेय मी. काशीला निघाले असते तर पेढे वाटले असतेस."

खाली टेम्पो उभा होता. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. सुमनताईंनी पदर खोचला, मान वर करून सगळ्या गॅलऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चला, शेखरभाऊ," त्या चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

गाळ्याशेजारी खातूनबींचं चेन-बक्कलांचं दुकान होतं. "अकेली रहोगी क्या?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बॅगा आहेत की सोबतीला," सुमनताई म्हणाल्या.

बॅगा चालायला लागल्या. आधी कॉलेजच्या मुली आल्या, मग त्यांच्या आया. सुमनताईंना मान वर करायला फुरसत नव्हती. तरी जेवताना फोन ताटाशेजारी असायचा. निशिगंधाचा यायचा. सुजितचा येत नव्हता. त्या ताटावरून उठताना फोन पदरानं पुसायच्या आणि पुन्हा मशीनवर बसायच्या. धंदा सोडून घरी जायचा विचार मात्र त्यांनी एकदाही केला नाही.

एका रविवारी गिऱ्हाईक जरा पांगलं, तसा सुजित पायरीवर दिसला. किती वेळ उभा होता कोण जाणे. मागं निशिगंधा. सुमनताईंच्या हातातली सुई थांबली.

"ये की आत. चपला राहू दे."

तो आत आला आणि सगळीकडे टांगलेल्या बॅगांकडे बघत राहिला.

"चुकलो, आई. तू कष्ट करायला बाहेर पडलीस आणि मी लोकांच्या नादी लागून मनात नाही नाही ते आणलं. त्या भल्या माणसाबद्दलसुद्धा. त्यांचीही माफी मागायचीय मला."

निशिगंधा एकाएकी भिंतीवरची एक बॅग फार बारकाईनं निरखायला लागली.

सुजित पायाशी वाकला. सुमनताईंनी त्याला दोन्ही खांदे धरून उभं केलं, त्याचे डोळे पदरानं टिपले.

"माफी कसली मागतोस, वेड्या? लोक काही खोटं बोलत नव्हते," त्या म्हणाल्या, आणि मागच्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अहो, पोळ्या नंतर लाटा. आधी बाहेर या, मुलगा-सून पाया पडायला खोळंबलेत."