मिस डेल्सींच्या फोटोला हार

मुरलीधरने फोटोला झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली, डोळे मिटून हात जोडले आणि मागून त्याच्या बायकोने, नीनाने, त्याला करकचून चिमटा काढला.

"अहो, काय हे! मिस डेल्सी जिवंत आहेत!"

मुरलीधरने खाडकन डोळे उघडले. नागपूरच्या ऑफिसात जयंत्या-पुण्यतिथ्या करण्यात मुरलेला माणूस तो. फ्रेम दिसली की हात आपोआप हाराकडे जायचा. मिस डेल्सी तर पहिल्याच रांगेत जांभळी हॅट घालून बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. फोटोतली तरतरीत नर्स म्हणजे याच, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या त्या छोट्या लायब्ररीत ब्लॅक हिस्टरी मंथचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याचा, कार्यक्रम होता. मिस डेल्सी तरुणपणी जमैकाहून नर्स म्हणून आलेल्या. शाळेने 'ढ' म्हणून मागच्या बाकावर ढकललेल्या कॅरिबियन पोरांना त्यांनी चाळीस वर्षं दर शनिवारी फुकट शिकवलं. पुढे आपली भारतीय पोरंही त्यांच्याकडे जाऊ लागली. मुरलीधरची लेक ऋजुता त्यांच्यामुळेच धड इंग्रजी वाचायला लागली. लायब्ररीतल्या मुलांच्या खोलीला मिस डेल्सींचं नाव द्यावं म्हणून मुरलीधर तीन वर्षं कौन्सिलचे उंबरे झिजवत होता. आज कौन्सिलचे साहेब स्वतः येणार होते, आणि आजच त्याने ही माती खाल्ली होती.

तो हार काढायला धावला, तोच साहेब आत आले. फोटो पाहून थबकले. आपल्या लोकांच्या शेजारात वाढलेला माणूस. हाराचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक. त्यांनी मान खाली घातली. ते पाहून अख्खी लायब्ररी उठून उभी राहिली. मिस डेल्सीही काठी टेकत उठल्या.

"कोण गेलं गं?" त्यांनी नीनाला हळूच विचारलं. नीना छताकडे बघत राहिली.

"फार वाईट झालं," साहेब मुरलीधरला म्हणाले. "पण आता अडचण उरली नाही. जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. मोठी बाई होती हो!" त्यांनी तिथल्या तिथे अर्जावर सही केली.

"सर, खरं सांगायचं तर..." मुरलीधरने बोलायला सुरुवात केली.

मिस डेल्सींची काठी त्याच्या बुटावर दाणकन आपटली.

"गप रे मुरली," त्या पुटपुटल्या. "आमच्या माणसांची आठवण यांना मेल्यावरच होते. पाटी लागेपर्यंत मी मेलेलीच आहे!"