मागची गुंडी

नवरा गेल्यापासून शिवणकामाचं दुकान चालेना, म्हणून तिने दुकानाचं ऑनलाइन पेज सुरू केलं. "महिनाभर बघते आई, नाहीतर मशीन विकून टाकते," असं सासूला सांगून तिने पहिल्या फ्रॉकचा समोरून काढलेला फोटो टाकला. लगेच एक लाइक आलं, तेही नवऱ्याच्या नावाने! पाठोपाठ त्याच नावाने दोन ओळी आल्या, ‘मागची गुंडी सैल आहे. तशीच देऊ नकोस.’ गिऱ्हाइकाच्या हाती कपडा देण्याआधी तो नेहमी अशीच काहीतरी खोट काढायचा. तिने फ्रॉक उलटा करून पाहिला. गुंडी खरंच एका धाग्यावर लोंबत होती.

ती आतल्या खोलीत गेली. सासू लेकाचा फोन हातात धरून बसली होती.

"काय हो आई! जीव घाबरा केलात माझा," ती रडता रडता हसली.

"अगं, पहिल्याच दिवशी तुझं पेज ओकंबोकं दिसायला नको. तू शिकवलं होतंस ना, तसा तो अंगठा दाबला."

"आणि गुंडी कधी पाहिलीत? लिहिलंतही अगदी त्यांच्यासारखं!"



"लिहिलं? अगं पोरी, मला साधी सही तरी करता येते का?"