खोडीसकट इंजिन

"पावणं, ह्या इंजिनात तीन खोडी हायत बघा!" गणपतराव आबांनी छाती फुगवली, आणि दारात उभ्या असलेल्या पूर्णिमानं कपाळावर हात मारला. सासऱ्यांना इंजिनाचा विषय मिळाला की झालं, मग जेवणाचीही शुद्ध नाही!

शाहूपुरीतल्या त्या घरात खेळण्यातलं ते विलायती इंजिन देवाच्या खालोखाल होतं. आबांच्या वडिलांनी बोटीतून आणलेलं. आबांचा जीव त्यात. मुंबईचा हा पावणा जुन्या खेळण्यांचा मोठा जाणकार म्हणे. महिनाभर फोन करून इंजिनाचे चारी बाजूंनी फोटो मागवत होता. सूनबाईला तो तेव्हापासूनच खटकला होता. आबांनाही धास्ती असावी, कारण देवघरातल्या कपाटाची किल्ली हल्ली त्यांच्या कमरेची सुटत नव्हती.

"एक, नाक जड. डाव्या वळणावर मागची चाकं उचलतंय. दोन, तापल्याबिगर शिट्टी देत न्हाय. आणि तिसरी म्हंजे कहर! लाईट जाऊन आली की उलटं पळतंय. करणाऱ्यानंच घोळ घातलाय की."

अहो आबा, परक्याला सगळंच कशाला सांगायचं, पूर्णिमा मनात चरफडली.

पावण्यानं भिंग लावून इंजिन उलटंपालटं केलं. कोपऱ्यात आबांचा दोस्त रफिक बसला होता. उद्यमनगरात त्याची फाउंड्री. "आमच्या भट्टीत काय ओतता येत न्हाय?" म्हणून एरवी घर डोक्यावर घेणारा माणूस, आज नुसता घाम पुसत होता. दोस्ताच्या इंजिनाची याला केवढी काळजी, तिला भरून आलं.

"अस्सल आहे. विकणार?" पावणा म्हणाला.

"जीव कुणी इकतंय व्हय?"

आबांनी बटण दाबलं. इंजिन डुलत निघालं, वळणावर मागची चाकं उचलली, जरा तापल्यावर झोकात शिट्टी दिली.

"व्वा रं वाघा!" रफिक ओरडला. थोड्या वेळानं आबा पाणी प्यायला आत गेले, आणि नेमकी लाईट गेली.

"च्या मारी! चल रफिक, फ्यूज बघू," आतूनच हाक आली.

ताक घेऊन आलेली पूर्णिमा दारात थबकली. खिडकीतल्या उन्हात पावण्यानं बॅगेतून हुबेहूब तसंच इंजिन काढलं, रुळांवर ठेवलं आणि आबांचं बॅगेत घातलं.

लाईट आली. इंजिन पळालं, ते सरळ पुढं. उलटं नव्हे!

"आबा, अहो..."

"सूनबाई, पावण्यास्नी पांढरा रस्सा वाढा," आबांनी तिला मध्येच तोडलं. "इंजिन आज शहाणं झालंय जनू."

पावण्यानं दोन वाट्या रस्सा ओरपला आणि रिक्षात बसला. रिक्षा वळली तशी पूर्णिमाला रडू कोसळलं.

"आबा, त्यानं इंजिन बदललं! मी डोळ्यांनी बघितलं!"

"ठाव हाय, पोरी. फ्यूज मीच काढलाता."

आबांनी कमरेची किल्ली काढून देवघरातलं कपाट उघडलं. आतल्या रेशमी फडक्यातून वडिलांचं इंजिन हळूच बाहेर घेतलं. मग वळून त्यांनी रफिकला कडकडून मिठी मारली.

"जिकलास, लेका! मुंबईच्या जाणकारानं भिंग लावून बघितलं, आणि तू ओतलेलं खोडीसकट चोरून नेलं की!"