शेवटून पहिले

"आमचे हे गाड्यांच्या रेसमध्ये कायम शेवटून पहिले!" दिराच्या घरी भरल्या पंगतीत ती म्हणाली. सगळे हसले. नवराही हसला, आणि पुढच्या रविवारपासून रेसला न जाता घरीच बसला.

आज नवे टायर टाकले म्हणून चाकांच्या अलाइनमेंटला ती एकटीच गाडी घेऊन गॅरेजात आली.

"नेहमीसारखंच ना, वहिनी?" मेकॅनिकनं विचारलं.

"म्हणजे कसं?"

"साध्या रस्त्याचं. रेसला चाकं वरून जरा आत कलती लावतात, मग वळणावर पकड बसते. पण रस्त्यावर तीच गाडी दर खड्ड्याला बाजूला ओढते. कितीदा म्हटलं, दादा, रेसपुरतं लावून देतो. ऐकतील तर शपथ! म्हणायचे, रविवारी तुझं गॅरेज बंद, आणि सोमवारी सकाळी गाडी तिच्या हातात."

तिनं गाडीची किल्ली त्याच्यापुढे धरली.

"आज रेसचं लावा."

"आता कशाला?" बाकावर उलट्या ठेवलेल्या हेल्मेटमध्ये हात घालून तो नट शोधू लागला. "दादांनी तर हे हेल्मेटसुद्धा मला देऊन टाकलं."