मागची लुना

बाबा होते तोवर पहाटेच्या सरावात त्यांची लुना माझ्या मागे असायची. ते गेल्यावर आज पहिल्यांदाच तिवसा रोडवर मी एकटी धावत होते. मॅरेथॉन तोंडावर आली होती.

अंधारात मागे लुनाचा आवाज आला. उजेड नागमोडी हलत होता. चालवणारा प्यायलेला असावा. मी बाजू दिली, तरी गाडी पुढे जाईना. मी वेग वाढवला, तिनेही वाढवला. शेवटी दगड उचलून मी वळले.

बाबांच्या लुनावर आई होती. हँडल आवळून धरलेलं, चेहरा माझ्याहून घाबरलेला.

“थांबली काहून, पिंके? पय ना पुढं,” ती ओरडली. “मले अजून ब्रेक लावता येत नाई.”