कायदेशीर रहिवासी

ग्लासगोच्या त्या घराच्या दारात उभा राहून घरमालक ड्युगल सेंगाला बजावत होता, "भाडेकरू तुझी मावशी होती, ती गेली. तिच्यासोबत इथं राहत असतीस, तर भाडेहक्क तुला मिळाला असता. पण तू नुसती पाहुणी. घर सोड!"

तेवढ्यात जिना चढून, टीव्ही बघायला तिथं लागणाऱ्या परवान्याचा तपासनीस आला. त्याच्या खात्याची धमकीची पत्रं सारखी यायची आणि सेंगा त्या पत्रांनी शेगडी पेटवायची.

"या घराचा कायदेशीर रहिवासी कोण?"

सेंगानं मावशीची शाल खांद्यावर ओढून घेतली. "मी कुठली? मी पाहुणी. मालक हे इथं उभे आहेत."

तपासनीस ड्युगलकडे वळला. "म्हणजे विनापरवाना टीव्ही सापडला, तर दंड तुम्हाला?"

"मला? अहो, माझा काय संबंध! हीच राहते इथं. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हापासून हिचंच घर आहे हे!"

जिन्याच्या दगडी भिंतींनी ते शब्द खालपर्यंत नेले.

सेंगानं दार अर्धं लोटून घेतलं आणि तपासनिसाला म्हणाली, "टीव्ही नाही माझ्याकडे. आणि आत तर तू यायचंच नाहीस, बाळा. पण सोमवारी या घराच्या दाव्याची सुनावणी आहे, तिथं साक्षीला नक्की ये."